ई-२०, ९५ ऑक्टेन की प्रीमियम: आपल्या गाडीत नेमकं कोणतं पेट्रोल भरायचं?

राज्याची हद्द ओलांडली की पंपावरचा दर बदलतो, पेट्रोल मात्र तेच राहतं. बेळगावात भरा, चंदगडला भरा, पणजीला किंवा इंदूरला. साधं पेट्रोल मागितलं की टाकीत जातं ते ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. दरातला फरक राज्यांच्या व्हॅटमुळे पडतो, कारण पेट्रोल अजून जीएसटीत आलेलं नाही. तरीही 'तिकडचं पेट्रोल चांगलं, इकडच्याने ॲव्हरेज पडतं' हा वाद गॅरेजमध्ये रोज रंगतो. म्हणून ही माहिती एकत्र.

ई-२० आलं कसं?

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला काही राज्यांत २००३ मध्ये सुरुवात झाली. २०१३-१४ पर्यंत प्रत्यक्ष मिश्रण दीड टक्क्याच्या आसपासच होतं. १० टक्क्यांचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी बंगळुरूत ई-२० ची विक्री सुरू झाली. आधी २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट २०२५ मध्येच पूर्ण झालं. इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचाही पर्याय ठेवावा, अशी मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली.

आपल्या भागाचा यात दुहेरी संबंध आहे. बेळगाव, कोल्हापूर, सांगली हा उसाचा पट्टा. इथेनॉलचे पैसे कारखान्याला लवकर मिळाले तर ऊसबिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते. आता मका आणि तुटक्या तांदळापासूनही मोठ्या प्रमाणावर इथेनॉल बनतं. म्हणजे ज्या घराला ऊसबिलाची वाट असते, त्याच घरातली जुनी मोटारसायकल ई-२० वर धावते. म्हणून दोन्ही बाजूंचा हिशेब नीट समजून घेतलेला बरा.

ॲव्हरेज किती पडतं?

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातला अंदाज असा: जुन्या, ई-१० पर्यंतच जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के आणि तशा दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटतं. ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकीत ही घट १ ते २ टक्केच राहते.

रुपयांत मांडू. कार १५ चं ॲव्हरेज देते आणि महिन्याला ६०० किलोमीटर फिरते, तर ४० लिटर लागतात. ६ टक्के घट धरली तर साधारण साडेबेचाळीस लिटर. लिटरला १०० रुपये धरले तर महिन्याला अडीचशेचा फटका. 'ॲव्हरेज निम्म्यावर आलं' अशी तक्रार असेल तर दोष इथेनॉलचा नाही. प्लग, एअर फिल्टर, टायरची हवा, क्लच आधी तपासून घ्या.

इथेनॉल मिसळूनही पेट्रोल स्वस्त का नाही? इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत आता शुद्ध पेट्रोलपेक्षा जास्त पडते, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं.

तुमची गाडी कोणत्या गटातली?

एप्रिल २०२५ नंतर बनलेली: इंजिन ई-२० साठीच जुळवलेलं. निर्धास्त भरा.

एप्रिल २०२३ ते मार्च २०२५: रबर, प्लास्टिक, पाईप ई-२० ला टिकणारे. ॲव्हरेज थोडं कमी, बाकी चिंता नाही.

एप्रिल २०२० नंतरची बीएस-६: बहुतेक गाड्यांत फ्युएल इंजेक्शन, त्यामुळे सेन्सर मिश्रण बऱ्यापैकी सांभाळून घेतो. पुस्तिकेत किंवा टाकीच्या झाकणावर ई-१० की ई-२० लिहिलंय ते बघा.

त्याआधीची, विशेषतः कार्बोरेटरवाली: इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. कार्बोरेटरला ते कळत नाही, म्हणून मिश्रण पातळ होतं. सकाळी उशिरा स्टार्ट होणं, पिकअप अडकणं ही लक्षणं. मेस्त्रीकडून ट्यूनिंग करून घ्या. पेट्रोलचा पाईप, वॉशर, गॅस्केट प्रत्येक सर्व्हिसिंगला बघायला सांगा. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, हे मंत्रालयानेही मान्य केलंय. विमा ई-२० मुळे रद्द होत नाही, असाही खुलासा आहे. वॉरंटीचं मात्र सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

इंजिनात पेट्रोल वेळेआधी पेटलं तर टकटक आवाज येतो. ती टकटक रोखण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलसाठी किमान ९१ ठरवलेलं होतं. इथेनॉलचं ऑक्टेन १०८ च्या पुढे असल्याने ई-२० चं ऑक्टेन ९५ च्या आसपास जातं, असं मंत्रालय सांगतं. पुस्तिकेत ९१ लिहिलेल्या गाडीत महागडं प्रीमियम भरून ताकद किंवा ॲव्हरेज वाढत नाही. ९५ किंवा ९७ मागणाऱ्या टर्बो आणि हाय-कॉम्प्रेशन इंजिनांनाच त्याचा उपयोग.

प्रीमियम म्हणजे इथेनॉलमुक्त, हाही गैरसमज. ९५ ऑक्टेनच्या प्रीमियममध्येही इथेनॉल असतं. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही पंपांवर मार्च २०२४ पासून 'इथेनॉल १००' मिळतं. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल गाड्यांसाठी. साध्या गाडीत चुकूनही नको.

पाणी घालून पेट्रोलमधून इथेनॉल वेगळं काढण्याचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय उरलेलं पेट्रोल कमी ऑक्टेनचं असतं. इंजिन टकटकायला लागेल.

पावसाळ्यात जास्त जपा

इथेनॉल पाणी ओढून घेतं. प्रमाण वाढलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाशी बसतो, आणि पेट्रोल इंजिनाकडे जातं तेही तळातूनच. टाकीच्या झाकणाचं रबर तपासा. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका, कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाका.

पंपावर संशय आला तर फिल्टर पेपर चाचणी, घनतेची तपासणी आणि ५ लिटरचं माप मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे.

हद्दीपलीकडे जाऊन भरायचं का?

लिटरमागे ६ रुपये स्वस्त आणि १० लिटर भरायचे, तर ६० रुपये वाचतात. त्यासाठी जाऊन-येऊन ३० किलोमीटर कार पळवली तर २ लिटर, म्हणजे २०० रुपये जळतात. कामानिमित्त तिकडे जाणारच असाल तर जरूर भरा. मुद्दाम जाऊन भरण्यात तोटाच आहे.