बारा आण्यांचा रस्ता

दिवाळीची झाडलोट ही आमच्या घरी इतिहास-संशोधनाची एकमेव हक्काची वेळ. एरवी माळ्यावरच्या ट्रंकेला कोणी हात लावू देत नाही. गेल्या वर्षी ती उघडली, तेव्हा आजोबांच्या साऱ्याच्या पावत्यांचा एक जुडगा हाती लागला. १९११ सालच्या पावतीवर सारा १२ रुपये आणि शेजारच्या रकान्यात ‘लोकल फंड’ १२ आणे. हे बारा आणे गेले कोठे, या कुतूहलातून हा सारा लेख निघाला आहे; कोटी करण्याचा हेतू नव्हता, पण झाली खरी.

मुंबई सरकारने १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घ्यायला आरंभ केला आणि १८६९ च्या कायद्याने त्याला पक्के रूप दिले. त्या आण्याचे दोन वाटे रस्ते, विहिरी, धर्मशाळा असल्या कामांचे आणि तिसरा शाळांचा. म्हणजे आजोबांच्या बारा आण्यांतले चार आणे शाळेचे आणि आठ आणे मुख्यतः रस्त्याचे. पुढे १८८४ साली जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली, तिजोरी त्यांच्या हाती गेली. हिशेब दिसायला चोख होता. पण आणा वाडीवाडीतून गोळा व्हायचा आणि खर्च व्हायचा तो आधी बाजारपेठेच्या नि रेल्वे स्टेशनाच्या रस्त्यावर. पाटण तालुक्यातल्या आमच्या डोंगरकुशीतल्या वाडीला त्यातून काय मिळाले असेल, हे सांगायला ट्रंकेत एकही कागद नाही. पावती घेतल्याची आहे, दिल्याची नाही.

रस्ता पावसाने वाहून जातो असे आपण म्हणतो, पण तो एका रात्रीत क्वचितच जातो. आधी बाजूची चर पालापाचोळ्याने तुंबते. मग पाणी रस्त्यावर चढते, मुरमात झिरपते, खालचा थर लोण्यासारखा मऊ होतो आणि पहिल्या भरल्या गाडीचे चाक त्यात रुतते. बाकीचे काम पाऊस करतो. हे ओळखूनच बांधकाम खात्याच्या मोठ्या रस्त्यांवर ‘मैलकुली’ ठेवण्याची वहिवाट पडली. आपापल्या मैलात फावडे घेऊन हिंडावे, चर मोकळी करावी, खड्डा लहान आहे तोच बुजवावा. एवढ्या स्वस्तात एवढे मोठे काम करणारा नोकर सरकारला दुसरा मिळाला नसेल. वाडीच्या रस्त्याला मात्र मैलकुली नव्हताच.

मोटारी आल्या तसा पैशाचा नवा झरा सापडला. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशीवरून १९२९ पासून पेट्रोलच्या गॅलनमागे दोन आणे जादा कर घेऊन रस्ते-निधी उभा राहिला. विचार उत्तम, पण बैल पेट्रोल पीत नाही आणि जो पितो त्याच्या वाटेची काळजी आधी घेतली जाते. १९४३ च्या डिसेंबरात नागपुरास सगळ्या प्रांतांचे मुख्य इंजिनिअर जमले. त्यांनी राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे आणि खेड्याचे अशी रस्त्यांची वर्गवारी लावली. लागवडीच्या मुलखातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर नसावे, हे त्यांचे स्वप्न. पाच मैल कागदावर फार नसतात.

ते किती असतात हे मी १९६५ च्या श्रावणात पाहिले. तेव्हा मी दहा वर्षांचा. जिल्हा परिषदा येऊन तीन वर्षे झाली होती. वहिनीची वेळ भरली, सुईण म्हणाली, “हे माझ्या हातचं न्हाई, दवाखाना गाठा.” ओढ्यावरची मोरी आदल्या आठवड्यातच गेलेली. घोंगडीची झोळी करून चौघांनी वहिनीला उचलले, पुढे कंदील घेऊन वडील आणि त्यांचे धोतर धरून मी. मोरीपाशी पाणी कमरेच्या वर होते. अलीकडे आंब्याखाली झोळी टेकवली, मला पाठ करून उभे राहायला सांगितले. पहाटे पोर रडले. मायलेकरे वाचली, ती सुईण हट्टाने मागोमाग आली होती म्हणून. पोराचे नाव मोरेश्वर ठेवले. गाव समजते गणपतीवरून. आम्ही घरची माणसे जाणून आहोत.

मोरी पुढे दोन वर्षे तशीच होती. अखेर घरटी एक माणूस निघाला, दगड रचले, मुरूम टाकला. या वर्गणीची पावती कोणी दिली नाही.

१९७२ चा दुष्काळ आला आणि रस्ते अचानक जिकडेतिकडे होऊ लागले, कारण माणसांना काम हवे होते. रोजगार हमीचा खर्च भागवायला १९७५ पासून व्यवसाय कर सुरू झाला आणि १९७७ साली हमीचा कायदा झाला. मी शाळामास्तर, माझ्या पगारातूनही तो कर कापला जाई, आणि खोटे कशाला बोलू, त्याबद्दल कुरकुरण्यात मी कमी नव्हतो. शहराने खेड्यासाठी उघडउघड पैसे मोजल्याचे असे उदाहरण विरळा. पण योजनेचा मुख्य पैसा मजुरीसाठी, साहित्याला हात आखडता. माती पडे, तिच्यावर खडी आणि रोलर येतीलच असे नाही. पुढच्या मृगात माती ओढ्याला मिळे.

२५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. तिने एक शहाणपण केले : रस्ता बांधणाऱ्याच ठेकेदाराने पाच वर्षे तो सांभाळायचा. त्यानंतरचा भार मात्र राज्यावर. आमच्या वाडीचा रस्ता डांबरी झाला, त्याची पाच वर्षे केव्हाच उलटली. अतिवृष्टीत मोडलेल्या रस्त्यासाठी आपत्तीचा निधी असतो; बहुतेक राज्यांत त्यात तीन वाटे केंद्राचे, एक राज्याचा. २०१५ ते २०२० च्या निकषांत ग्रामीण रस्त्याच्या तातडीच्या दुरुस्तीला किलोमीटरमागे ६० हजार रुपये होते. तेवढ्यात वाहतूक सुरू होते, पण वाढत्या पाण्याला पुरेल अशी मोठी मोरी होत नाही. जेवढी वाहून गेली तेवढीच पुन्हा बसते. उद्घाटनाचा नारळ नव्या रस्त्यापुढे फुटतो. तुंबलेली चर मोकळी केली म्हणून कोणी कोणाला हार घातल्याचे मी पाहिलेले नाही.

यंदा श्रावणात मोरी पुन्हा गेली. मोरेश्वर आता साठीत आहे, वाडीतच शेती करतो. त्याने ग्रामसभेत मोठ्या नळ्यांची मोरी मागितली, अर्ज पुढे गेला आहे. मी त्याला आजोबांच्या पावतीची नक्कल पाठवली. परवा त्याचा फोन आला. “काका, पावती मिळाली. बारा आणे दिलेत म्हणून दाखवतो साहेबाला.” मग हसून म्हणाला, “पण तोवर भाऊबीजेला पोरी यायच्यात. रविवारी आम्ही फावडी घेऊन निघतोय. तुम्ही येताय ना? नुसता कंदील धरा.”