परक्यांचा दवाखाना
स्पेनमधल्या ग्रानाडाहून हजला निघालेले इब्न जुबैर ११८३ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रिया बंदरात उतरले. दूरदेशाहून आलेल्यांसाठी सुलतान सलाहुद्दीन अय्युबी यांनी तिथे दवाखाना काढला होता. हकीम, सेवक, पथ्याचे जेवण, सारी सोय होती. दवाखान्यात यायला संकोचणाऱ्या परक्यांकडे खास नेमलेली माणसे जात आणि त्यांची हालहवाल हकिमांना कळवत, अशी नोंद त्यांच्या प्रवासवर्णनात आहे.

आज दुबईत २०१३ च्या कायद्याने कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो. सौदीतही तशीच सक्ती आहे. हा हक्क मोठाच. पण नोकरी जाईल या धास्तीने दुखणे अंगावर काढणाऱ्या कोकणी पोराच्या खोलीवर विमा आपणहून जात नाही. तिथे माणूसच जावा लागतो. आठशे वर्षांपूर्वी हे ओळखले गेले होते.