दोऱ्याचे अंतर आणि विमानाची वाट

वर्गातील भिंतीवरच्या नकाशावर हेलसिंकी आणि टोकियो ही शहरे पट्टीने जोडली, तर रेघ कझाकस्तान, मंगोलिया आणि चीनवरून जाते. आता पृथ्वीगोलावर याच दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो उत्तरेकडे सरकतो, आर्क्टिक वृत्तही किंचित ओलांडतो आणि सैबेरियावरून टोकियोकडे उतरतो. हा बृहद्वृत्ताचा कंस, म्हणजेच गोलावरील दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग. त्याची लांबी सुमारे 7,800 किलोमीटर आहे. ताशी 850 किलोमीटर वेगाने हे अंतर सव्वानऊ तासांत कापले जावे.

पण दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक वर्षे हा मार्ग पश्चिमेकडील विमानांना मिळाला नाही, कारण तो जवळजवळ सगळा सोव्हिएत संघावरून जातो. शीतयुद्धाच्या काळात ती हवाई हद्द त्यांना बंद होती. युरोपातून जपानला जाणारी विमाने मध्यपूर्व, भारत आणि आग्नेय आशियात थांबे घेत जात.

1957 साली स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने कोपनहेगन ते टोकियो सेवा उत्तर ध्रुवाकडून, अलास्कातील अँकरेजमार्गे सुरू केली. सुमारे 50 तासांचा प्रवास सुमारे 32 तासांवर आला. मात्र चुंबकीय ध्रुवाजवळ होकायंत्राची सुई भरवशाची राहत नाही आणि ध्रुवापाशी रेखावृत्ते एकवटल्याने दिशाही झपाट्याने बदलते. म्हणून जायरोस्कोप आणि नकाशावर आखलेली समांतर रेषांची चौकट यांच्या साहाय्याने दिशा ठरवावी लागे.

एप्रिल 1983 मध्ये फिनएअरचे डीसी-10 विमान हेलसिंकीहून टोकियोला न थांबता जाऊ लागले. मार्ग होता उत्तर ध्रुव आणि बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून. याचे गणित वर्गात करता येईल. रेखावृत्तावर एक अंश म्हणजे सुमारे 111 किलोमीटर. हेलसिंकी 60 अंशांवर, म्हणून ध्रुवापर्यंत 30 अंश, म्हणजे सुमारे 3,300 किलोमीटर. तेथून 66 अंशांवरील सामुद्रधुनीपर्यंत आणखी सुमारे 2,700. पुढे टोकियो किमान 4,600. बेरीज 10,600 होते. म्हणजे 2,800 किलोमीटरचा वळसा. प्रवासाला सुमारे 13 तास लागत.

हा वळसा का सोसावा लागे, ते त्याच वर्षी जगाला कळले. 1 सप्टेंबर 1983 रोजी अँकरेजहून सेऊलला निघालेले कोरियन एअर लाइन्सचे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. लढाऊ विमानाने ते पाडले. विमानातील सर्व 269 जण मृत्युमुखी पडले.

पुढे सोव्हिएत संघाने आपले आकाश हळूहळू खुले केले आणि हेलसिंकी-टोकियो प्रवास दहा तासांच्या आत आला. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाले, युरोपीय देश आणि रशिया यांनी परस्परांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि मार्च 2022 मध्ये फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवावरून जाऊ लागली. चार दशकांत विमाने सुधारली, उपग्रहांमुळे दिशा अचूक कळू लागली, तरी प्रवास पुन्हा सुमारे 13 तासांचाच झाला.

विद्यार्थ्यांना पृथ्वीगोलावर हे दोन्ही मार्ग दोऱ्याने मोजायला सांगावेत आणि लांबीतील फरक तासांत काढायला लावावा. वरच्या 2,800 किलोमीटरांशी तो ताडून पाहता येईल.