प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांचे रसायनसंशोधन : विषयनिवडीचा एक विचार

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून संशोधनाची अपेक्षा नसे. १८५७ साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ १९०४ च्या विद्यापीठ कायद्यापर्यंत मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. महाविद्यालयांतील प्रयोगशाळा प्रात्यक्षिकांपुरत्याच असत. अशा परिस्थितीत प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर (१८६३-१९२०) यांनी संशोधनाचे विषय कोठून घेतले, हे पाहणे उद्बोधक ठरते.

सुरतेच्या गज्जरांनी प्रथम बडोदा कॉलेजात रसायनशास्त्र शिकविले. त्या काळी जर्मनीतील कृत्रिम रंगांमुळे देशी रंगाऱ्यांचा धंदा बसत चालला होता. या रंगांवर बहिष्कार घालण्यापेक्षा त्यांचे रसायन आत्मसात करावे, अशी गज्जरांची भूमिका दिसते. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८९० साली उभ्या राहिलेल्या कलाभवनात त्यांनी रंगकामाच्या शिक्षणाला मानाचे स्थान दिले आणि शास्त्रीय शिक्षण देशी भाषांतून देण्याचा आग्रह धरला. (दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी.)

१८९६ च्या सुमारास गज्जर मुंबईच्या विल्सन कॉलेजात आले. त्याच वर्षी चापेकर बंधूंनी व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले. वरवर क्षुल्लक वाटणारा हा प्रश्न रसायनदृष्ट्या कठीण होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्ल लावावे तर दगडच विरघळतो, आणि नुसते घासावे तर सच्छिद्र दगडात मुरलेला डाग निघत नाही. इतर तज्ज्ञांनी हात टेकल्यावर गज्जरांनी तो पुतळा स्वच्छ करून दाखविला. स्वदेशी उद्योगाचा हा पुरस्कर्ता प्रसिद्धीस आला तो राणीचा पुतळा धुऊन, आणि तो पुतळाही बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी मुंबईला दिलेला! इतिहासातील हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

मुंबईत प्लेग पसरल्यावर गज्जरांनी आयोडीन टरक्लोराइडचा उपाय सुचविला. त्याने साथ आटोक्यात आली नाही, हे मान्य करावे लागते. मोत्यांचा गेलेला रंग परत आणण्याच्या कामात त्यांना मिळालेले यश मात्र निर्विवाद होते. गिरगावात त्यांनी स्वतःची टेक्नो-केमिकल लॅबोरेटरी काढली. महाविद्यालयाच्या चौकटीत न मावणारे काम तेथे होऊ लागले.

याच काळात कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्रफुल्लचंद्र राय यांनी मर्क्युरस नायट्राइटवरील आपले निष्कर्ष १८९६ साली प्रसिद्ध केले. राय यांनीही औषधनिर्मितीचा कारखाना काढला. पण त्यांच्यामागे प्रकाशित निबंध आणि शिष्यपरंपरा दोन्ही राहिली. गज्जरांच्या कामाचे स्वरूप शोधनिबंधाचे नव्हते. केवळ प्रकाशनांची संख्या मोजणाऱ्या मूल्यमापनात त्यांना स्थान मिळणे कठीण, आणि अशा मूल्यमापनाची मर्यादाही तेथेच उघड होते. निबंधाअभावी त्यांच्या पद्धती पुढील संशोधकांना तपासता आल्या नाहीत, हे नुकसानही तितकेच खरे.

त्यांची परंपरा शोधावयाची तर ती कारखान्यांत शोधावी लागते. त्यांचे विद्यार्थी कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या साहाय्याने १९०७ साली ॲलेंबिक केमिकल वर्क्सची स्थापना झाली. पुढे बडोदे हेच तिचे केंद्र बनले आणि अर्क, टिंक्चर व मद्यार्क यांचे उत्पादन तेथे होऊ लागले.