विकृत नादाचे मुद्रण : मुंबईच्या हेवी मेटल संगीताचा एक तांत्रिक इतिहास

ध्वनिमुद्रणाचा इतिहास सामान्यतः निष्ठेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. मूळ नाद जसा होता तसा तो पुन्हा ऐकू यावा, या ध्येयाकडे यंत्रविद्या पायरीपायरीने सरकत गेली, असे त्याचे सूत्र असते. या सूत्राला आधारही आहे. कर्ण्यात गाऊन तबकडीवर मुद्रण करण्याच्या पद्धतीत सेकंदास सुमारे १६८ ते २,००० कंपनांच्या मर्यादेतीलच नाद उमटत असे. १९२५ साली विद्युत्‌पद्धती रूढ झाल्यावर ही मर्यादा सुमारे १०० ते ५,००० कंपनांपर्यंत रुंदावली. परंतु हेवी मेटल या संगीतप्रकाराचे मुद्रण या सूत्रात बसत नाही. ज्या नादाशी निष्ठा राखावयाची, तो नादच येथे यंत्राच्या दोषातून जन्मास आलेला आहे.

हा दोष म्हणजे विकृती. ध्वनिवर्धकाच्या निर्वात नलिकेस तिच्या शक्तीबाहेरचा संकेत दिला असता लहरीचे माथे सपाट होते आणि मूळ स्वरात नसलेले अनेक उपस्वर निर्माण होतात. १९५८ साली अमेरिकेत लिंक रे याने लाऊडस्पीकरच्या पडद्यास भोके पाडून, व १९६४ साली इंग्लंडमध्ये ‘किंक्स’ या वृंदाच्या डेव्ह डेव्हिस याने तो पडदा कापून, हा परिणाम हेतुपुरस्सर साधला. भारतीय श्रोत्यास यातील तत्त्व अपरिचित नाही. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सूत सरकवून जी जवारी काढतात, तिचाही हेतू तारेचा स्वर उपस्वरांनी समृद्ध करणे हाच असतो. मात्र दोहोंत एक महत्त्वाचा भेद आहे. जवारी एकाच तारेचे उपस्वर खुलविते; अतिभारित नलिका दोन तारांचे स्वर एकमेकांत मिसळून त्यांच्या बेरजेचे व वजाबाकीचे नवे स्वर घडविते. षड्ज व पंचम यांचे प्रमाण २:३ असल्याने त्यांच्या वजाबाकीचा स्वर षड्जाच्या खालच्या सप्तकातील षड्जच येतो, व नाद अधिक भारदस्त होतो. समविभागी सप्तकातील तीव्र गंधार शुद्ध प्रमाणापासून ढळलेला असल्याने त्याच्या मिश्रणात मात्र गढूळपणा येतो. मेटलमधील गिटारवादन प्रामुख्याने षड्ज-पंचमाच्या जोडीवर का उभे आहे, याचे एक उत्तर या गणितात सापडते.

या संगीताच्या उगमाविषयी एक लोकप्रिय उपपत्ती अशी की, ते कारखान्यांच्या गोंगाटाचे अपत्य होय. तिला बर्मिंगहॅमचा दाखला दिला जातो. ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके १९६५ साली तेथील पत्र्याच्या कारखान्यात तुटली. पुढे त्याने तारा सैल करून गिटार खालच्या स्वरात लावली, व १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेत तो जड नाद स्थिर झाला. ही घटना खरी असली तरी तिच्यावरून सार्वत्रिक नियम काढता येत नाही. मुंबईच्या पूर्व उपनगरातील माहुल या कोळ्यांच्या गावाजवळ १९५४ साली स्टॅनव्हॅकचा व १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे तेथे रासायनिक उद्योगांचा मोठा पट्टा उभा राहिला. यंत्रांचा घोष हेच कारण असते, तर मुंबईचे मेटल माहुल-तुर्भे परिसरातील कामगार वस्तीत उपजावयास हवे होते. प्रत्यक्षात ते महाविद्यालयीन संमेलनांच्या व इंग्रजी शिक्षण घेतलेल्या मध्यमवर्गाच्या वर्तुळात वाढले. त्याचा निर्णायक घटक परिसरातील गोंगाट नसून आयात ध्वनिमुद्रिका, महाग उपकरणे आणि ती मिळविण्याची ऐपत हा होता.

विद्युत्‌-गिटार मुंबईला नवी नव्हती. १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’ या चित्रपटातील गाजलेल्या गीतात भूपिंदर सिंग यांची गिटार वाजली, तर राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांनी बास गिटार हाताळली. तथापि चित्रपटगीताच्या मुद्रणशाळेची सारी व्यवस्था गायकाच्या आवाजाभोवती रचलेली होती. दीर्घकाळपर्यंत गायक व वाद्यवृंद यांचे मुद्रण एकाच वेळी होत असे. अशा ठिकाणी गिटारचा ध्वनिवर्धक पूर्ण शक्तीने चालविला, तर त्याचा नाद प्रत्येक मायक्रोफोनमध्ये शिरणार हे उघड आहे. ज्या कौशल्याने त्या मुद्रणशाळांना कीर्ती मिळाली, त्या कौशल्याच्या दृष्टीने विकृती हा टाळावयाचा दोषच होता.

१९८४ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘रॉक मशीन’ने १९८८ साली स्वतःच्या रचनांची ध्वनिमुद्रिका काढली, १९८६ पासून रंगभवनात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला. पुढे २००० साली ‘डीमॉनिक रेझरेक्शन’ व २००३ साली ‘भयानक मौत’ हे वृंद उदयास आले. या पिढीपुढील प्रश्न केवळ वादनाचा नव्हता, जागेचाही होता. रूढ पद्धतीनुसार लाऊडस्पीकरच्या पडद्यासमोर काही अंगुळांवर मायक्रोफोन ठेवतात; तो पडद्याच्या मध्याकडे नेला असता नाद तीक्ष्ण होतो, कडेकडे नेला असता सौम्य होतो. परंतु शंभर वॉटचा ध्वनिवर्धक पूर्ण शक्तीने चालविल्यास त्याच्याजवळची पातळी ११० डेसिबेलच्या वर सहज जाते, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ठरविली आहे. दाटीवाटीने वसलेल्या या शहरातील सदनिकेत ही पद्धती जवळजवळ अशक्य होती. रंगभवनातील कार्यक्रमही शांतता-क्षेत्राच्या निर्बंधांमुळेच थांबले.

मार्ग निघाला तो गणकयंत्राच्या साह्याने. १९९८ नंतर ध्वनिवर्धकाच्या वर्तनाची अंकीय प्रतिकृती करणारी स्वस्त साधने बाजारात आली. गिटारचा संकेत थेट यंत्रात नोंदवावा, व विकृती, पेटी आणि मायक्रोफोन यांचा परिणाम मागाहून गणिताने चढवावा, ही पद्धती रूढ झाली. ‘डीमॉनिक रेझरेक्शन’चे साहिल मखिजा यांनी स्वतःची ध्वनिमुद्रिका-संस्था चालवून दाखविले की, मोठ्या संस्थेच्या आश्रयावाचूनही हे कार्य होऊ शकते. या वृंदास २०१० साली लंडनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाचा पुरस्कार मिळाला.

बासच्या मुद्रणात ही विभागणी अधिक स्पष्ट दिसते. गिटारची सर्वांत जड तार सेकंदास सुमारे ८२ कंपने करते, बासची ४१. विकृतीने बासचा तळ अस्पष्ट होतो, आणि विकृतीवाचून ती गिटारच्या भिंतीमागे लपते. म्हणून एकच संकेत दोन वाटांनी नेतात : खालचा भाग स्वच्छ व दाबून समपातळीवर ठेवलेला, वरचा भाग विकृत केलेला. गिटारचे तेच वादन दोनदा वाजवून डावी-उजवीकडे मांडतात, व तिचा खालचा भाग छाटून बासला जागा करून देतात. श्रोत्यास गिटारचा म्हणून जो भार जाणवतो, तो बव्हंशी बासचा असतो.

यावरून इतिहाससंशोधकापुढे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या तबकडीमागे कोणे एके काळी हवेत उमटलेला एक स्वर होता. तबकडी ही त्याची साक्ष होय. अंकीय पद्धतीने घडविलेल्या मेटलच्या मुद्रणामागे असा पूर्वस्वर नसतो. ध्वनिवर्धक कोणत्याही खोलीत वाजलेला नसतो. डावी व उजवी गिटार एकाच हाताने वेगवेगळ्या वेळी वाजविलेली असते. येथे मुद्रण ही घटनेची साक्ष नसून तीच घटना होय. साहजिकच अंतिम ध्वनिमुद्रिका जतन केल्याने या कलेचा इतिहास जतन होत नाही. मूळ स्वच्छ संकेत, यंत्रांच्या योजना आणि मिश्रणाच्या नोंदी ही येथील खरी दप्तरे होत. कॅसेटवरील चुंबकीय लेप झडतो, आणि जुन्या आज्ञावलीत साठविलेली कामे नव्या यंत्रावर उघडत नाहीत. त्या पिढीतील वादक व मुद्रक हयात असतानाच ही सामग्री संग्रहालयांनी व विद्यापीठांनी मिळविली, तरच मुंबईच्या नादेतिहासाचे हे प्रकरण आधारासह लिहिता येईल.