ऑलिव्हरच्या यात्रेचे दगड

ऑलिव्हर द मर्लिमंड हा ह्यू द मॉर्टिमर या नॉर्मन सरदाराचा कारभारी. इंग्लंडच्या पश्चिम सीमेवरच्या हेरेफर्डशरमधून तो स्पेनमधल्या सान्तियागोच्या यात्रेला गेला आणि परतताना पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठात मुक्कामाला राहिला. 1130च्या दशकात शोब्डन गावी त्याने उभारलेल्या चर्चसाठी त्याच मठातून साधू आले. पश्चिम फ्रान्समधल्या यात्रामार्गावरच्या चर्चमध्ये दिसतात तशी शिल्पे शोब्डनला होती. ऑलिव्हरबरोबर एखादा पाथरवट गेला असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मला तो पटतो. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय दगडात एवढी ओळख उतरत नाही.

शोब्डनच्या पाथरवटांचा हात पुढे किलपेकला रंगला. हेरेफर्डपासून सुमारे 14 किलोमीटरवर शेतांच्या मधोमध सेंट मेरी आणि सेंट डेव्हिडचे हे छोटे चर्च आहे. काळ 1140च्या आसपास. बाजूला पडक्या किल्ल्याची टेकडी. दक्षिण दरवाजाच्या वरच्या अर्धगोलात वेलीसारखे झाड, खांबांवर वेलीत गुंतलेले पायजमेवाले योद्धे, कडेने एकमेकांना गिळणारे नाग. लाल वालुकाश्म इतका धारदार राहिलाय की छिन्नीचा घाव बोटाला लागतो. वळचणीखाली भिंतीतून पुढे आलेल्या 80हून अधिक दगडांवर मेंढा, अस्वल, आणि शेजारीशेजारी बसलेले गोंडस कुत्रा-ससा आहेत. आणि दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी एक बाई. इथे तिला शीला-ना-गिग म्हणतात.

मी अंबरनाथची. 1060 सालच्या आमच्या शिवमंदिराच्या भिंती बघत वाढले, त्यामुळे देवाच्या दारी उघडे शरीर पाहून मी दचकले नाही. पण माझ्याबरोबरचे इंग्रज सहप्रवासी किलपेकच्या बाईला पापाचा इशारा म्हणाले, तेव्हा मला लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेरे यांनी जिच्यावर लिहिले ती उघड्या योनीची देवी, लज्जागौरी, आठवली. महाराष्ट्रात तेरला सापडलेल्या तिच्या मूर्तींकडे कोणी इशारा म्हणून पाहत नाही. तिच्याकडे संतती मागितली जाते. दोघींचे नाते जोडायला पुरावा नाही, आणि मी ते जोडत नाही. मात्र किलपेकच्या बाईला फक्त धाक म्हणून वाचणे मला अपुरे वाटते. खेड्यातल्या बायका याच वळचणीखालून मुले घेऊन आत गेल्या असतील.

किलपेक टिकले ते बहुधा कुणाला ते पाडून भव्य करावेसे वाटले नाही म्हणून. शोब्डनचे नशीब वेगळे. 1750च्या दशकात तिथल्या बेटमन घराण्याने जुने चर्च पाडून नवे बांधले आणि कोरीव कमानी वाड्यातून दिसणारी शोभा म्हणून टेकडीवर उभ्या केल्या. छताखाली सहा शतके तगलेला दगड पावसात विरघळू लागला. त्या कमानींचे साचे घेऊन केलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. त्या 1936च्या आगीत गेल्या. आज त्या कमानींवर काय कोरले होते हे कळायला जी. आर. लुईस यांनी 1852मध्ये छापलेली चित्रेच हाताशी लागतात. मला या नासाडीचा अजून राग येतो. फिक्या निळ्या-पांढऱ्या नव्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे जुने दगडी पात्र मात्र ठेवले गेले. त्याच्या पायथ्याशी चालणारे सिंह अजून स्पष्ट आहेत.