शब्दांच्या मोलानें लिहिलेलीं खतें

गेल्या चैत्रांत आमचे एक तरुण सहकारी घर घेण्याच्या खटपटींत होते. कागदपत्रें पाहण्यास वकील कोण नेमला, असें आम्हीं विचारलें, तेव्हां ते म्हणाले, "कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलांनीं सारें तपासलें आहे, सर, पुन्हां दुसऱ्यास पैसे कशाला द्यावयाचे?" प्रश्न व्यवहाराचा असला तरी त्याचें उत्तर आम्हांस इतिहासांत अधिक स्पष्ट दिसतें. आपल्याकडील मिळकत-हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा इंग्रजी कायद्याच्या वळणावर घडलेला आहे, आणि मुंबईंत सॉलिसिटर हें नांवही तिकडूनच आलें. तेव्हां इंग्लंडांत घराचें खत कोण लिही, कोणासाठीं लिही व कशाच्या मोबदल्यांत लिही, हें पाहणें उद्बोधक होईल.

मध्ययुगीन इंग्लंडांत जमीन द्यावयाची म्हणजे साक्षीदारांसमक्ष त्याच जमिनीवर उभें राहून मातीचें ढेकूळ किंवा झाडाची डहाळी घेणाऱ्याच्या हातीं द्यावयाची, अशी रीत होती. शेजारीपाजारी पाहत, त्यामुळें मालकी लपत नसे. पुढें केवळ खतावर व्यवहार होऊं लागले, तेव्हां १५३६ सालीं आठव्या हेन्रीच्या पार्लमेंटानें अशी विक्री सहा महिन्यांच्या आंत सरकारदप्तरीं नोंदविली पाहिजे असा निर्बंध घातला. परंतु आपलीं कर्जें व घरगुती व्यवहार चारचौघांस कळावे, हें जमीनदारांस रुचेना. कायदेपंडितांनीं त्यावर एक युक्ति काढली. आधीं एक वर्षाचा भाडेपट्टा करावयाचा, आणि दुसऱ्या दिवशीं मालकानें आपला उरलेला हक्क त्याच भाडेकऱ्यास सोडून द्यावयाचा. विक्री एक, खतें दोन, आणि नोंद कोठेंच नाहीं! सतराव्या शतकापासून एकोणिसाव्याच्या मध्यापर्यंत मालकीच्या जमिनी याच आडवाटेनें हातोहात गेल्या.

नोंद नाहीं, म्हणून मालकीचा पुरावा काय तो जुन्या खतांच्या गठ्ठ्यांत. घेणाऱ्याच्या सॉलिसिटरानें ती साखळी तपासावयाची, एखादी कडी निखळली आहे काय, एखादें गहाण किंवा एखाद्या विधवेचा हक्क राहून गेला आहे काय, हें हुडकावयाचें, विकणाऱ्याच्या वकिलास लेखी प्रश्न घालावयाचे, आणि समाधान झाल्यावरच नवें खत लिहावयाचें. ६० वर्षें मागें जाण्याचा प्रघात होता. १८७४ च्या कायद्यानें ती मुदत ४० वर्षांवर, १९२५ च्या कायद्यानें ३० वर, आणि १९६९ च्या कायद्यानें १५ वर आणली.

हें काम बुद्धीचें आणि जबाबदारीचें. पण त्याचा मोबदला ठरे तो मुख्यतः कागदाच्या लांबीवर! ७२ शब्दांचें एक पान धरावयाचें, आणि पानामागें दर आकारावयाचा. विद्वत्तेस मोल नाहीं, शाईस आहे, अशी ही व्यवस्था होती. 'देतो, विकतो, सोडतो, हवालीं करतो' अशी एकार्थी क्रियापदांची माळ ओंवणाऱ्याचें बिल, थोडक्यांत नेमकें लिहिणाऱ्यापेक्षां मोठें होई. खतें लांबत गेलीं यांत नवल तें काय? सारा वकीलवर्ग लबाड होता असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या गोष्टीचे पैसे मिळतात ती गोष्ट वाढते, एवढेंच आमचें म्हणणें.

१८०४ त या धंद्याभोंवतीं कुंपण पडलें. त्या वर्षींच्या मुद्रांक-कायद्यानें, मोबदला घेऊन जमिनीचें खत लिहिण्याचा अधिकार कायदेतज्ज्ञांच्या वर्गापुरता राखून ठेवला. सरकारास त्या वर्गाकडून वाढीव कर हवा होता. मक्तेदारी हा त्याचा मोबदला. या देवघेवींत घर घेणाऱ्यास मात्र कोणीं विचारलें नाहीं.

सुधारणा आली ती सावकाश. १८६२ त मालकीच नोंदविण्याचें सरकारी दप्तर उघडलें, पण नोंद ऐच्छिक असल्यानें तें बहुतांशीं रिकामेंच राहिलें. सबंध इंग्लंड व वेल्समध्यें नोंद सक्तीची होण्यास १९९० साल उजाडावें लागलें. १८८१ च्या एका कायद्यानें मोबदला मिळकतीच्या किंमतीवर बसविण्याचा मार्ग मोकळा केला, आणि त्याच वर्षींच्या दुसऱ्या कायद्यानें नेहमींचीं कलमें न लिहितांही गृहीत धरण्याची सोय केली. खतें आखूड झालीं! घराचा पैसाही सॉलिसिटराच्याच हातून जाई; अशिलाची रक्कम स्वतःच्या रकमेंत मिसळूं नये, हा नियम १९३५ त आला, आणि फसलेल्या अशिलांसाठीं धंद्याच्याच वर्गणीचा निधि १९४१ च्या कायद्यानें उभा राहिला. मक्तेदारी मोडली ती १९८५ च्या कायद्यानें. सॉलिसिटर नसलेल्या परवानाधारकांसही हें काम खुलें झालें.

या साऱ्या वृत्तान्तांत एकच प्रश्न पुनःपुन्हां उभा राहतो: खत लिहिणारा कोणाचा? त्यास पैसे कोण देतो, आणि कशाबद्दल? बँकेचे वकील प्रामाणिक असतीलच. पण त्यांस सोडवावयाचा प्रश्न, दिलेलें कर्ज या मिळकतींतून वसूल होईल काय, एवढाच असतो. घेणाऱ्याचे प्रश्न निराळे. शिवाय आपल्याकडे १९०८ च्या नोंदणी-कायद्यानें नोंदला जातो तो दस्त. मालकीची हमी त्यानें मिळत नाहीं. आणि १८८२ च्या कायद्याचें ५५ वें कलम विकणाऱ्यावर दोष सांगण्याचें बंधन घालतें तें, घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही जे दोष कळले नसते, तेवढ्यांपुरतेंच. म्हणजे काळजी घेण्याचें ओझें घेणाऱ्याच्याच शिरावर आहे.

म्हणून वकील नेमावा तो इसार देण्यापूर्वीं, विकणाऱ्याच्या शिफारशीवांचून. फी किती व कशाबद्दल, हें आधीं लेखी ठरवावें. किती वर्षांचा शोध घेतला, काय सांपडलें व काय सांपडलें नाहीं, हें त्याच्या सहीनिशीं मागून घ्यावें. आणि स्वतःस माहीत असलेली प्रत्येक गोष्ट, तोंडी बोलणींसुद्धां, त्यास सांगावी; जें त्यास सांगितलेंच नाहीं, तें तो शोधणार कोठून?

आमच्या सहकाऱ्यांनीं शेवटीं स्वतःचा वकील नेमला. मालकींत दोष निघाला नाहीं. मात्र मोटार ठेवण्याची जी जागा विकणाऱ्यानें तोंडानें दिली होती, तिचा साठेखतांत एका शब्दानेंही उल्लेख नव्हता. बँकेच्या वकिलांस ती गोष्ट पाहण्याचें कारणच नव्हतें. खतांत दोन ओळी वाढल्या. आणि या खेपेस, शब्द वाढले ते घेणाऱ्यासाठीं वाढले.